‘टब्बर’ बघताना घरातलं कोण आठवलं?

पंजाबीत टब्बर म्हणजे घरातली सगळी माणसं मिळून. आपल्याकडे गावात ‘त्यांचं खटलं मोठं आहे’ म्हणतात ना, तेच. आणि इथे सगळी धडपड खटलं वाचवायला खटला टाळायची. 2021च्या ऑक्टोबरात ही वेब मालिका सोनी लिव्हवर आली, आठ भाग, दिग्दर्शक अजितपाल सिंग. जालंधरचा ओमकार सिंग (पवन मल्होत्रा) पोलिसातली नोकरी संपवून किराणा दुकान चालवतोय. थोरला मुलगा दिल्लीहून घरी येताना रेल्वेत बॅगांची अदलाबदल होते. बॅग मागायला एक माणूस दारात येतो आणि त्याच घरात मरतो. पुढचं सांगत नाही, तुम्हीही शेवट फोडू नका. मला मात्र खुनापेक्षा आमचं स्वयंपाकघरच जास्त आठवत राहिलं. आई-बाबा दार लोटून हळू आवाजात बोलायचे ते. तुमचं सांगा.

*

आम्ही 2012 ते 2015 जालंधरला होतो, ह्यांची बदली छावणीत. घरमालकीणबाई मला पुत्तर म्हणायच्या. थंडीत गच्चीवर गोभी-गाजर-शलगमचं लोणचं करायचं, ऊन अंगावर घेत अर्धी गल्ली तिथेच. खाली रस्त्यावर जिकडे बघावं तिकडे आयलेट्सच्या (परदेशी जायला लागणारी इंग्रजीची परीक्षा) क्लासच्या पाट्या. प्रत्येक घरातलं कुणीतरी कॅनडात किंवा जायच्या तयारीत.

त्यांचा धाकटा एका डिसेंबरात दिसेनासा झाला. मावशीकडे गेलाय, म्हणाल्या. चिट्ट्याच्या नादी लागलाय हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं (चिट्टा म्हणजे हेरॉइन, तिथे पोरंटोरंसुद्धा हाच शब्द वापरतात). दर आठवड्याला बाई पिन्नीचे लाडू घेऊन वर यायच्या आणि आपणहून सांगायच्या, मावशीने त्याला कसा गुबगुबीत केलाय. मी ‘अरे वा’ म्हणायचे. मालिकेत ओमकारची बायको झालेली सुप्रिया पाठक पाहुण्यांसमोर चेहरा सावरते तेव्हा मला त्या लाडवांची ताटली दिसते. मुलगा परत आला की नाही, माहीत नाही. आमची बदली झाली.

*

मला नाही झेपली. तिसऱ्या भागानंतर प्रत्येक गाठ ओमकारला हवी तशीच सुटते. एवढं नशीब तर लॉटरीवाल्याचंही नसतं. रणवीर शौरीचा सोढी तेवढा आवडला, आवाज न चढवता धाक.

*

माझे बाबा हवालदार होते, आता निवृत्त. त्यांच्याबरोबर बसून बघितली, म्हणजे बघणं कमी आणि त्यांची टीका ऐकणं जास्त. पंचनामा असा करतात का, गाडी तिथे कशाला लावली, वगैरे. पण ओमकार बोलायला लागला की गप्प व्हायचे. म्हणाले, ‘याला माहितीये. विचारलं तेवढंच सांगतो. साक्षीदार जास्त बोलायला लागला की आम्ही पेन खाली ठेवून नुसतं ऐकत बसायचो.’ लहानपणी मी शाळेतून उशिरा आले की मला न विचारता ते पेपर वाचत बसायचे आणि मीच घडाघडा सगळं ओकायचे. त्यामागचं तंत्र चाळीस वर्षांनी कळलं!

तपास करणारा पोलीस लकी ओमकारच्या नात्यातलाच, हे त्यांना सगळ्यात टोचलं. त्याच घरात जेवायचं आणि त्याच घरावर संशय घ्यायचा. उठून गेले, पाणी पिऊन परत आले.

*

सायन कोळीवाड्यातला पंजाबी आहे, मराठी शाळेत शिकलो. आमची बीजी फाळणीनंतर इथल्या निर्वासित छावणीत आली. घरातली कुठलीही भानगड असो, तिचं एकच: ‘बाहर गल ना जावे’, बाहेर बोभाटा नको. बस, एवढंच आठवलं.

*

सातारा. मुलगा दिल्लीला यूपीएससी करतो, त्यामुळे पहिल्याच भागात पोटात गोळा आला. पण लिहायचं वेगळंच आहे.

तो बारावीत असताना लायसन्स नव्हतं आणि माझी स्कूटर घेऊन गेला. एका म्हाताऱ्या माणसाला धडक, मांडीचं हाड मोडलं. मी पोचलो तेव्हा पोरगा थरथरत होता. मी सांगितलं, गाडी मी चालवत होतो. दवाखान्याचा सगळा खर्च केला, दर रविवारी फळं घेऊन जायचो. ते आजोबा माझेच आभार मानायचे. त्यांनी चालवणारा बघितला होता की नाही, मी कधी विचारलं नाही. बायकोला सांगितलं की पैसे सोसायटीच्या कर्जात गेले.

ओमकार मुलांना ‘तुम्ही काही केलेलं नाही’ असं पटवतो, तिथे मी रिमोट दाबला.

*

वरच्या काकांना: मुलाने नंतर कधी विषय काढला का? आणि काकूंना आता तरी सांगितलंत?

*

त्याने नाही, मीही नाही. ती आत्ता शेजारी बसून पाचवा भाग बघतेय. मध्येच म्हणाली, ‘या माणसाला झोप कशी लागते हो?’