मदत हवी आहे: भिंतीवरचं जुनं टच पॅनेल नव्या वायफायला जोडलं जात नाही

नमस्कार मंडळी,

नाशिकला आईच्या घरी दिवे-पंखे-गीझर चालवणारं सात इंची टच पॅनेल आहे, दहाएक वर्षांपूर्वीचं. गेल्या आठवड्यात राउटर बदलला आणि पॅनेल मुकं झालं. दिव्यांना भिंतीवर बटणं आहेत, पण गीझर फक्त पॅनेलवरून चालतो. त्यामुळे आई रोज गॅसवर पाणी तापवते आणि मग मला फोन करते.

पॅनेलमध्ये सिक्युरिटीचे, म्हणजे वायफायला कुलूप लावायचे पर्याय, जुन्याकडून नव्याकडे: ओपन (बिनकुलूप), डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए२. त्याखाली माहिती सांकेतिक करायची पद्धत: टीकेआयपी (जुनी) किंवा एईएस (नवी). राउटरवर डब्ल्यूपीए३ आहे. डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडलं की अर्धा मिनिट चक्र फिरतं आणि 'ऑथेंटिकेशन फेल्ड'. पासवर्ड चारदा टाकला. स्क्रीन नखाने टोचल्याशिवाय ऐकत नाही, 'एस' दाबला की 'डी' उमटतो, आणि दिसतात नुसते ठिपके! त्यात भाच्याने वायफायला हौसेने देवनागरी नाव दिलंय, 'आजीचं घर'. पॅनेलवर त्याचे चौकोन दिसतात.

बसवणारा म्हणतो, डब्ल्यूईपी ठेवा नाहीतर पासवर्डच काढून टाका. मला काही ते पटत नाही. काय करू?

प्रतिसाद १
अजिबात ऐकू नका त्याचं. डब्ल्यूईपी कच्चं आहे हे २००१ सालीच जगजाहीर झालं, आज साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत त्याची किल्ली निघते. तुमचं दुखणं वेगळं आहे. डब्ल्यूपीए३ आलं २०१८ मध्ये, पॅनेल त्याआधीचं. राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ असेल तर पासवर्ड बरोबर असूनही ते आत येणार नाही. गेस्ट नेटवर्क (त्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) सुरू करा, त्याला डब्ल्यूपीए२ द्या, झालं.

प्रतिसाद २
गेस्ट नको! गेस्टवरची उपकरणं बहुतेक राउटर एकमेकांशी बोलू देत नाहीत. पॅनेल जोडलं जाईल, पण गीझरपर्यंत निरोप पोचणार नाही.

त्यापेक्षा राउटरच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन वायफाय पट्ट्यांपैकी २.४ ला वेगळं नाव द्या. ५ वर डब्ल्यूपीए३ खुशाल राहू दे. २.४ वर डब्ल्यूपीए२ पर्सनल, फक्त एईएस. टीकेआयपी ठेवलंत तर वेग ५४ एमबीपीएसवर अडकतो. २.४ च्या सेटिंगमध्ये 'पीएमएफ' किंवा 'प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स' (जोडणी सांभाळणाऱ्या निरोपांना संरक्षण) दिसलं तर तेही बंद करा, जुनी उपकरणं त्यावर अडतात.

आणि खरी युक्ती: २.४ ला जुन्या राउटरचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, स्पेलिंग, कॅपिटल सगळं जसंच्या तसं. पॅनेल आणि गीझरमागचा मॉड्यूल (गीझरला वायफायशी जोडणारा भाग), दोघांच्या लक्षात तेच आहे. नखाने टोचायची वेळच येणार नाही.

धागाकर्ता
झालं! जुना पासवर्ड आईच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी सापडला. पॅनेलवरचा नवा घोळ पुसायला एकदा रीसेट करावं लागलं, गीझर मात्र आपोआप आला.

एक शंका: तो पासवर्ड म्हणजे बाबांचा मोबाईल नंबर आहे. चालेल?

प्रतिसाद २
नाही. नुसते दहा आकडे डब्ल्यूपीए२ वर चटकन फुटतात. ८ ते ६३ अक्षरं चालतात, तीन-चार असंबद्ध शब्द इंग्रजी लिपीत जोडून घ्या. पण बदललात की प्रत्येक मॉड्यूल हाताने जोडावा लागेल, तेव्हा सवडीने, आईची आंघोळ उरकल्यावर.