कॅम्पसवरचा कचरा उचलणं हे पर्यावरण शिक्षण आहे का?

पर्यावरण अभ्यास शिकवणारी, अंधेरी
पर्यावरणाचा पेपर पदवीला सक्तीचा झाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे. आमच्याकडे त्याचं प्रात्यक्षिक म्हणजे हातमोजे घालून कॅम्पस साफ करणं. फोटो निघतात, एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) तास भरतात (वर्षाला १२० लागतात), काळ्या पिशव्या गेटपाशी रचल्या जातात. आत चहाचे कप, वेफर्सची पाकिटं, बाटल्या, उरलेला वडापाव, सगळं एकत्र. बाटली भंगारात गेली असती, ती आपणच खरकट्यात बरबटवली. पुढे पिशवी कुठे जाते, एकही मूल विचारत नाही. देवनारच्या कचराभूमीवर १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतोय. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. हे न कळता केलेलं काम श्रमदान आहे. त्याला शिक्षण म्हणू नये.

एनएसएस स्वयंसेवक, तिसरं वर्ष
मॅडम, नाही पटलं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जुहूला वाळूतून पीओपीच्या मूर्तींचे हात, सोंडा उचलल्यात कधी? आमच्या ग्रुपमधल्या दोघींनी त्यानंतर घरी भांडून शाडूची मूर्ती आणली. पेपरात पीओपीवर टीप लिहून हे झालं नसतं. वर्सोवा किनाऱ्याची सफाई २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी सुरू केली तीसुद्धा हाताने कचरा उचलूनच. मार्च २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. आधी हात घाण होऊ देत, प्रश्न मग आपोआप पडतात.

चेंबूरकर
माझी आई एका कॉलेजात सफाईला आहे. मोहीम झाली की मुलं घरी जातात आणि गेटवरच्या पिशव्या फोडून ओला-सुका वेगळं करायला मावशीच बसतात. त्यांचं काम त्या दिवशी वाढतं. भाषणात मात्र त्यांचं नाव नसतं.

पर्यावरण अभ्यास शिकवणारी, अंधेरी
चेंबूरकर, हे प्रत्येक प्राचार्यांनी वाचायला हवं. @स्वयंसेवक, वर्सोव्यात लोक आठवड्यामागून आठवडे येत राहिले. आपण एक रविवार जातो. माझं म्हणणं इतकंच, की उचललेलं तिथेच पसरा, वेगळं करा, वजन करा. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकच्या थरांना धातूचा मुलामा असतो, म्हणून भंगारवाला ते घेत नाही, हे तेव्हाच शिकवता येईल. घनकचरा नियमांनुसार दिवसाला १०० किलोंहून जास्त कचरा करणारी संस्था मोठी कचरा निर्माती ठरते, आणि तिने ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा असतो. आपलं कॉलेज त्यात बसतं का, हे मुलांनीच मोजून काढावं. मग कँटीनमधले कागदी कप जाऊन स्टीलचे ग्लास का येत नाहीत, तेही विचारावं.

एनएसएस स्वयंसेवक, तिसरं वर्ष
वजन करू, त्याला ना नाही. मावशींचंही बरोबर आहे, पिशव्या आम्हीच वेगळ्या करायला हव्यात. पण कँटीनचं कंत्राट ठरतं व्यवस्थापनाच्या बैठकीत, आणि तिथे आम्हाला खुर्ची नाही. तिथे शिक्षक बसतात, मॅडम. ग्लासचा विषय तुम्ही काढा. जुहूला आम्ही यंदाही जाणार.