टँकरचं पाणी म्हणून हॉटेल सुटत नाही

वर पुण्याच्या ताईंनी लिहिलंय की कोकणातल्या एका हॉटेलातल्या लग्नाहून परतल्यावर घरातले सहाजण आजारी पडले आणि हॉटेलवाला म्हणतो, 'पाणी टँकरचं, आमचा काय दोष?' हे अजिबात ऐकून घेऊ नका. पाणी कुठूनही येवो, पाहुण्यांच्या ग्लासात ते हॉटेलनेच ओतलं. पिण्यायोग्य पाणी वापरणं हे अन्न परवान्यासोबतच येणारं बंधन आहे.

खरी अडचण पुराव्याची. गॅस्ट्रो दोन-तीन दिवसांत कळतो, पण हिपॅटायटिस ए ची कावीळ दिसायला 15 ते 50 दिवस लागतात. तोवर टाकी धुऊन झालेली असते. माझ्या मावसभावाचं हेच झालं. रिपोर्ट होते, बिलं होती, पण त्याच पाण्याने झालं हे दाखवता येईना. म्हणून त्या लग्नातले आणखी कोण आजारी पडले ते आधी शोधा, फोन करा, त्यांचेही रिपोर्ट मागवा. वेगवेगळ्या घरांतली माणसं, जेवण एक, आजार एक, हा फार बोलका पुरावा असतो. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला आजच लेखी कळवा, म्हणजे नमुने सरकारी माणूस घेईल.

ग्राहक आयोगात तक्रारीला 2 वर्षांची मुदत आहे. हॉटेल कोकणात असलं तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या पुण्यातच ती दाखल करता येते. आणि बिल यजमानांनी भरलं म्हणून मागे हटू नका. त्यांच्या संमतीने सेवा घेणारा पाहुणाही कायद्याने ग्राहकच.