नाट्यप्रशिक्षणात भेटलेल्या अन्य शाळांतील शिक्षकांकडून पुढे शिकत कसे राहावे?

प्रश्न (द्विशिक्षकी शाळेतील शिक्षिका):
सप्रेम नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग शिकवते. गेल्या महिन्यात तालुक्याला तीन दिवसांचे नाट्यप्रशिक्षण झाले. माझ्या गटात दुसऱ्या केंद्रातील, म्हणजे दुसऱ्या शाळासमूहातील, एक गुरुजी होते. पाण्याचा पाठ घेताना त्यांनी खांद्यावर उपरणे टाकले आणि ते गावचे पाणी सोडणारे कर्मचारी झाले. "विहिरीत आठ दिवसांपुरतेच पाणी आहे, कोणत्या आळीला किती सोडू ते तुम्हीच सांगा," एवढे म्हणून ते खाली बसले आणि आम्ही मोठी माणसेसुद्धा हिरिरीने वाद घालू लागलो. उपरण्याची घडी घातली की ते पुन्हा शिक्षक होत. शाळेत परतल्यावर मी तोच पाठ घेतला, परंतु मुले हसू लागली आणि दोन मिनिटांत पाठ मोडला. काय चुकले हे विचारायला जवळ कोणी नाही, कारण माझे सहकारी पहिली-दुसरी सोडून माझ्या वर्गात येऊ शकत नाहीत. व्हॉट्सॲप गटावर छायाचित्रे आणि अभिनंदने येतात, मात्र कोणाचा पाठ कुठे अडला हे कोणी लिहीत नाही. इतर शाळांतील शिक्षकांकडून सातत्याने शिकण्याची वाट कोणाला सापडली आहे का?

उत्तर १ (माध्यमिक शाळेतील मराठीचे शिक्षक):
ताई, मुले हसली ती बहुधा त्यांच्याशी आधी करार झाला नव्हता म्हणून. प्रशिक्षणात आपण सगळे नाटक करायलाच जमलेलो असतो. वर्गातल्या मुलांना मात्र बाई अचानक वेगळ्या आवाजात का बोलू लागल्या हे कळत नाही. "मी उपरणे घेतले की तुम्ही गावकरी, ठेवले की पुन्हा चौथीचा वर्ग, चालेल का?" असे विचारून त्यांचा होकार घ्यावा. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात अनेक वर्षे शिक्षकांना घडवणाऱ्या डोरोथी हीथकोट यांनी ही शिक्षकाने भूमिकेत शिरण्याची पद्धत रुजवली, आणि शिक्षकाने सर्वज्ञाची भूमिका न घेता मुलांच्या मदतीची गरज असलेला माणूस व्हावे, हे तिचे मर्म आहे. त्या गुरुजींनी खाली बसून नेमके तेच केले. आपण उभ्या होतात का?

उत्तर २ (निवृत्त केंद्रप्रमुख):
वाट आपल्या हाताशीच आहे, ती म्हणजे केंद्राची शिक्षण परिषद, केंद्रातील सर्व शाळांच्या शिक्षकांची बैठक. माझ्या काळात तिथे "आदर्श पाठ" होत असत. त्यासाठी मुलांकडून आदल्या दिवशी उत्तरे घोकून घेतलेली असत आणि पाहणाऱ्याच्या पदरात काही पडत नसे. पुढे आम्ही पाहुण्या शिक्षकाने यजमान शाळेच्या अनोळखी मुलांवर पाठ घ्यावा, असे ठरवले. बाकीच्यांनी मागे बसून फक्त मुलांची वाक्ये जशीच्या तशी टिपायची, अभिप्राय लिहायचा नाही. एका पाठानंतर पंधरा वह्या उघडल्या, तेव्हा पुढच्या दोन ओळींतील मुलांचीच वाक्ये सगळीकडे होती, आणि खिडकीजवळच्या चार मुली अर्ध्या तासात एक शब्दही बोलल्या नव्हत्या. पाठ घेणाऱ्या बाईंना कोणी काही सांगावे लागले नाही. प्रशासनाकडून तासाभराची सूट मिळवणे हा यातला खरा अवघड भाग आहे; त्यासाठी केंद्रप्रमुखांशी आधी बोलून घ्यावे.

उत्तर ३ (ऊसतोड कामगारांच्या गावातील शिक्षिका):
ब्राझीलचे नाट्यकर्मी आगुस्तो बोआल यांच्या चर्चा-नाट्यात प्रसंग मध्येच थांबवून प्रेक्षकांपैकी कोणीही पात्राच्या जागी येऊ शकतो. आम्ही चार शाळांच्या शिक्षकांनी स्वतःसाठी तो प्रयोग केला. मी आई झाले होते, दिवाळीनंतर मुलीला बरोबर कारखान्यावर नेणारी. शिक्षिका झालेल्या बाई मला शिक्षणाचे महत्त्व समजावू लागल्या. तेवढ्यात शेजारच्या गावच्या सरांनी टाळी वाजवून प्रसंग थांबवला, त्यांची जागा घेतली आणि शांतपणे विचारले, "धाकट्याला तिथे कोण सांभाळणार?" आईच्या भूमिकेत असूनही माझ्याकडे उत्तर नव्हते. मी वर्षानुवर्षे पालकांना भाषण देत आले होते. हा प्रश्न मी कधीच विचारला नव्हता. त्या सरांकडून मी जे शिकले, ते त्यांनी शिकवायचे म्हणून शिकवलेच नव्हते. म्हणूनच मुलांचे पाठ बसवण्याआधी शिक्षकांनी आपले अडलेले प्रसंग एकमेकांसमोर करून पाहावेत, असे मला मनापासून वाटते.

उत्तर ४ (कलाशिक्षक):
जिल्ह्याबाहेरचे सहकारी भेटावेत असे वाटत असेल, तर १९७९ साली स्थापन झालेल्या, दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची शिबिरे आहेत. तिथे निरनिराळ्या राज्यांतील शिक्षक एकत्र राहतात आणि शिक्षणात बाहुल्यांचा उपयोग हा त्यातील एक विषय असतो. भाषा वेगळी असली की माणूस शब्द कमी वापरतो आणि हातवारे नीट पाहू लागतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. होय सर, मी उभी होते, हातात छडी नव्हती पण खडू होता. त्या गुरुजींना मी काल दूरध्वनी केला. पहिल्यांदा त्यांचाही पाठ असाच मोडला होता, असे त्यांनी सांगितले. पुढच्या शिक्षण परिषदेत त्यांनी माझ्या वर्गावर आणि त्यानंतर मी त्यांच्या वर्गावर पाठ घ्यावा, असे आम्ही ठरवले आहे. दोन्ही केंद्रप्रमुखांची परवानगी मागण्याचे पत्र आज लिहिते आहे. मुलांची वाक्ये टिपण्यासाठी वह्या मी आणेन.