"टू-स्ट्रोक गेली अन् रेसिंग मेली" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

मिस्त्री_दर्यापूर

काल रात्री इथंच एकानं टाकलं होतं: "२००१ ला वर्ल्ड चॅम्पियनशिपमधून पाचशे सीसीची टू-स्ट्रोक गेली त्या दिवशी मोटरसायकल रेसिंग मेली. आता कॉम्प्युटर गाडी चालवते, पोट्टे नुसते वर बसून राह्यतात. जुने रायडर खरे मर्द होते." खाली सगळे अंगठे अन् बदाम. उत्तर द्यायचं नाही म्हणून फोन ठेवला, सकाळी दुकान उघडलं, दोन गाड्यांचे क्लच केले, तरी डोक्यातून जाईना, म्हणून लिहून राहिलो.

मी तीस वर्षं झाली गाड्या खोलतो. टू-स्ट्रोक म्हणजे पेट्रोलसंगं तेल जाळणारं इंजिन, त्याचा मला राग नाही, यामाहाच्या आरएक्स शंभरवरच माझं घर उभं राहिलं. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, अन् तेवढ्यात ती काय पळायची हे ज्यानं पांदणीवर पिळली त्यालाच माहीत. रेसच्या आदल्या रात्री आम्ही हेड घासायचो, सायलेन्सरचं चेंबर वेल्डिंग करून घ्यायचो, जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडायचं भोक, बदलायचो, मग एक दमदार चक्कर मारून तिथंच बटन बंद करायचो अन् प्लग काढून कंदिलाजवळ धरायचो. प्लगचं टोक चहाच्या रंगाचं दिसलं तर बरोबर. काळं, ओलं दिसलं तर पेट्रोल जास्त. पांढरं दिसलं की समजायचं, पेट्रोल कमी, पिस्टन चिकटणार. भर वेगात पिस्टन चिकटला की मागचं चाक जागच्या जागी बसते. म्हणून जुने रायडर डाव्या हाताची दोन बोटं सदा क्लचवर ठेवत, चिकटला की लगेच दाबायला. पोस्टरवर पाहून आपण त्याला स्टाइल समजलो, ती भीती होती.

१९९४ च्या उन्हाळ्यात आमच्याकडं आटलेल्या तलावात रेस होती. चुन्यानं आखलेला ट्रॅक, वळणावर कडब्याच्या पेंढ्या अन् पेंढ्यांच्या मागं लगेच माणसं. माझ्या चुलतभावाच्या गाडीचा प्लग पांढरा होता. मी माझ्या डोळ्यानं पाह्यला. म्हटलं दहा मिनिटं थांब, मोठा जेट टाकतो. तो म्हणे नंबर पुकारला. मी सोडला त्याला. तिसऱ्या चकरेत चिकटली. अॅम्ब्युलन्स नव्हतीच, आयोजकाची एक जीप होती ती पाहुण्यांना आणायला गेली होती. दुधाच्या गाडीत आडवा टाकून अमरावतीला नेला. उजवा पाय गुडघ्याखालून गेला.

आता त्या मोठ्या रायडरांचं घ्या. वेन रेनी, पाचशेची १९९० ते ९२ सलग तीन वर्ल्ड टायटल. १९९३ ला मिसानोत पुढं असताना पडला, तेव्हापासून व्हीलचेअरवर. मिक डूहान १९९२ ला असेनमध्ये पडला, पाय कापायची वेळ आली होती, रेसवरच्या डॉ. कोस्टानं त्याचे दोन्ही पाय एकमेकांना शिवले की चांगल्या पायाचं रक्त वाईट पायाला मिळावं. नंतर मागचा ब्रेक पायानं दाबता येईना तर अंगठ्यानं दाबायचा ब्रेक लावून त्यानं पाच टायटल घेतली. मर्द होताच. पण हे सोसायची वेळ त्याच्यावर काहून आली ते पण सांगा ना. ती पाचशेची गाडी वळणातून निघताना एकदम ताकद टाकायची, मागचं चाक घसरायचं, मग रबर एकदम पकडायचं अन् माणूस गाडीच्या वरून फेकल्या जायचा. आज तुम्ही ज्या कॉम्प्युटरला नावं ठेवता ना, तो नेमकं हेच सांभाळते.

काळी_आरएक्स_आर्वी

ती पोस्ट माझी आहे. मिस्त्री, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण माणसं पडावी म्हणून जुने दिवस पाह्यजेत असं मी कुठी लिहिलं? मी रेसिंगबद्दल बोललो. २०२४ ला मोटोजीपीच्या, म्हणजे त्याच वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या, २० रेस झाल्या, त्यातल्या १९ एकट्या ड्युकाटी कंपनीच्या गाड्यांनी जिंकल्या. याले रेस म्हणता का? गाडीले पंख, वळणातून निघताना मागून खाली बसायचं यंत्र. ते यंत्र २०२७ पासून स्वतः काढून टाकून राहिले, इंजिन १००० सीसीवरून ८५० वर आणून राहिले. म्हणजे चुकलं हे त्यांनाच कबूल आहे, मी बोललो तर राग.

अन् दुसरी गोष्ट सांगतो, ती कोणी बोलत नाही. तेव्हा आपल्यासारख्याला त्यात जागा होती. मी आर्वीत बसून प्लग पाहून सांगू शकत होतो की गाडीचं काय दुखते. आता नव्या गाडीचा पिवळा दिवा लागला की शोरूमचा पोट्टा लॅपटॉप जोडते अन् मला सांगते, काका तुम्ही बाहेर बसा. मी बाहेर बसतो. ज्या वर्षी कापसाला भाव नव्हता त्या वर्षी माझी आरएक्स विकली, ज्यानं नेली त्यानं गल्लीच्या टोकावर चौथा गिअर टाकला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तुम्ही म्हणता ते सगळं खरं असन, पण तो आवाज खोटा होता का?

वणीचा_९३

काका, जुने मर्द अन् आमचे काय मातीचे? मार्क मार्केझचं २०२० ला खांद्याखालचं हाड मोडलं, त्या एका हातावर चार ऑपरेशन झाले, सगळे म्हणे संपला, अन् २०२५ ला सहा वर्षांनी परत वर्ल्ड चॅम्पियन झाला. कॉम्प्युटरनं केलं का ते? ब्रॅड बाइंडर २०२३ ला मुजेलोत ताशी ३६६ किलोमीटरनं गेला, तिथून ब्रेक मारून वळणात गाडी झुकवायला छाती लागते.

मी २०२३ ला नोएडाच्या बुद्ध ट्रॅकवर गेलो होतो रेस पाहायला, वर्धेवरून गाडी पकडून, दोन रात्री झोप नाही. सप्टेंबर असून आपल्या मे महिन्यासारखं उकडत होतं. २४ लॅपची रेस गरमीमुळं २१ लॅपची केली, बेझेकी जिंकला, मार्टिन दुसरा आला अन् गाडीवरून उतरला तर अंगात पाणी उरलं नव्हतं, खाली बसला. हे नुसते वर बसून राह्यतात का? पण माझा राग वेगळाच आहे. एवढे पैसे घालवून पाण्याच्या बाटलीसाठी तासभर लाइन, अन् पुढच्या वर्षी रेसच रद्द. आपल्याकडं हे असंच होते, एकदा करायचं अन् सोडून द्यायचं.

पटशौकीन_वरुड

तुमी सारे इटली-जपानचं भांडण इथं भांडून राह्यले. आपल्या मातीतली रेस म्हणजे शंकरपट, बैलजोडीची शर्यत. पेट्रोल नाई, कॉम्प्युटर नाई, ड्युकाटी नाई. जोडी, हाकनारा धुरकरी अन् घड्याळ. तळेगाव दशासरले या, जोडी सुटते तवा छातीत काय व्हते ते पाहा. ७ मे २०१४ ले सुप्रीम कोर्टानं बंद केला, १६ डिसेंबर २०२१ ले चालू झाला. साडेसात वर्सं माही जोडी कोठ्यात उभी. एक बैल त्यातच म्हातारा झाला, एक डाव पन धावला नाई. जुने दिवस गेल्याचं दुःख मले इचारा.

सिस्टर_पुसद

दादा, तुमच्या बैलाचं वाईट वाटते, पण बैल हाकायच्या तुतारीला खिळा कोण लावते? शेपटी कोण पिळते? मी शेतकऱ्याचीच पोरगी आहे, माझ्या बाबांच्या बैलाच्या पुठ्ठ्यावर पटानंतर हळद मी लावली आहे. रायडर स्वतःच्या मर्जीनं बसतो. बैलाला कोणी विचारलं?

पटशौकीन_वरुड

बाई, खिळा लावनारा वेगळा, मी वेगळा. कायद्यात आता मार, खिळा, करंट सारं बंद हाय, अन् २०२३ च्या मे महिन्यात पाच जजनं तो कायदा बरोबर ठरवला. माह्या जोडीले सरकी-ढेप मी माह्या जेवनाआधी टाकतो. पट नसता तर ते बैल कवाच बाजारात गेले असते, तिथून कुठी जातात ते तुमाले मालूम हाय. अन् मर्जीचं म्हनता? त्याच २०२३ च्या ऑगस्टमधी मद्रासच्या ट्रॅकवर तेरा वर्साचं पोरगं गेलं रेसमधी. तेरा वर्साच्या लेकराले काय मर्जी असते? तिथं तुमचं तोंड बंद, बैल दिसला की दया.

वणीचा_९३

बैलाच्या नावावर लेकराचं मरण काढू नका. तो पोरगा खेळाडू होता.

पटशौकीन_वरुड

माहे बैल पन खेळाडूच हाय. अन् तू काल जलमलेला पोट्टा, मले नको शिकवू.

सिस्टर_पुसद

दोघंही शांत व्हा. मी तोंड बंद ठेवलं नाही. त्या मुलाची बातमी वाचली तेव्हा मला रात्रभर झोप नव्हती, कारण माझ्याकडं दवाखान्यात रविवारी रात्री त्याच वयाची मुलं येतात. ट्रॅकवरची नाही, रोडवरची. बायपासवर दोघं-दोघं रेस लावतात, अंगावर शर्ट अन् पायात चप्पल. मागच्या पोळ्याच्या कराला एक आला, बारावीचा, हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवलेलं, काचेवर ओरखडा पण नाही. त्याची आई मला म्हणत होती, सिस्टर हे पाहा नवीनच आहे, परवाच घेतलं. ते हेल्मेट तिनं मांडीवर धरून ठेवलं होतं सकाळपर्यंत. माझा सांगायचा मुद्दा एवढाच की मोठ्या रायडरांच्या सूटमध्ये २०१८ पासून एअरबॅग सक्तीची आहे, डॉक्टर वळणावर उभा असतो. आपल्या गावच्या मुलाला यातलं काय मिळते? मग तो जुन्या दिवसांतच आहे ना अजून.

काळी_आरएक्स_आर्वी

सिस्टर, ही तर माझीच गोष्ट झाली. त्यांना ट्रॅक नाही म्हणून रोडवर जातात. ट्रॅक कुठी आहे? चेन्नईले, कोइमतूरले, नोएडाले. विदर्भातल्या पोराचं नाव कोणी घेते का? आमच्या वेळी निदान तलाव तरी होता.

मिस्त्री_दर्यापूर

तलाव होता. अॅम्ब्युलन्स नव्हती. एवढं लिहून पुन्हा तलावच? अहो, वेड्यासारखं काय बोलून राहिले.

अन् जुन्या काळाची एवढी आठवण येते तर त्या काळातल्या माणसांनी काय केलं ते पण आठवा. ॲगोस्टिनी, १५ वर्ल्ड टायटल, १२२ रेस जिंकलेला, त्याच्यापेक्षा मोठा जुना कोण? १९७२ ला मॅन बेटावरच्या टीटी रेसमध्ये त्याचा मित्र पार्लोटी पावसात पडून गेला, त्या दिवसापासून ॲगोस्टिनीनं सांगितलं, मी इथं पुन्हा येणार नाही. साठ किलोमीटरचा रोड, दोन्हीकडं घरं अन् दगडी भिंती. दुसरे मोठे रायडर पण हटले अन् १९७६ नंतर ती रेस वर्ल्ड चॅम्पियनशिपमधून गेली. म्हणजे तुमच्या मर्दांनाच ते दिवस नको होते.

लोडशेडिंग_२००४

मी मधात बोलतो. माझ्यासाठी जुने दिवस म्हणजे टू-स्ट्रोक नाहीच. व्हॅलेंटिनो रोसी होंडा सोडून यामाहावर गेला, २००४ ची पहिली रेस, साउथ आफ्रिका, रविवारची संध्याकाळ. आमच्याकडं लाइट गेली. मी अन् मोठा भाऊ ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, कलर टीव्ही काही तिच्यावर चालेना म्हणून शेजारच्या आजीचा ब्लॅक अँड व्हाइट मागून आणला. शेवटच्या चार लॅप दिसल्या. रोसी अन् बियाजी, काळ्या-पांढऱ्यात कोण कोणता ते कळत नव्हतं, भाऊ नुसता ओरडत होता. रोसी जिंकला अन् गाडी बाजूला लावून तिच्याजवळ बसला. ती गाडी फोर-स्ट्रोक होती. काळी_आरएक्सवाल्यांच्या हिशोबानं रेसिंग तर तेव्हा मेली होती. आमच्या घरात त्या दिवशी ती जन्मली.

पटशौकीन_वरुड

बॅटरी ट्रॅक्टरची काढली तर वावरात काय नेलं दुसऱ्या दिवशी? बैल!

काळी_आरएक्स_आर्वी

बरं. माझ्या वाक्यात चूक आहे, "मेली" लिहायला नको होतं. रेनीचं तुम्ही लिहिलं म्हणून मी आज दुपारी पाह्यलं, २०२२ ला इंग्लंडच्या गुडवूडमधी त्याच्या १९९२ च्या यामाहावर त्याला परत बसवलं, पाय काम करत नाहीत म्हणून सगळं हँडलवर जोडून दिलं. तो हळूहळू गेला अन् हेल्मेटच्या आत रडत असन असं मला वाटलं. ज्या पाचशेवरून पडून त्याची कंबर गेली तसल्याच पाचशेवर तो बसला, मिस्त्री. तुम्ही म्हणता जुन्या मर्दांना ते दिवस नको होते. मग हा काहून बसला? याचं उत्तर तुमच्याजवळ नाही, माझ्याजवळ पण नाही. ड्युकाटीचं मात्र मी मागं घेत नाही.

वणीचा_९३

ड्युकाटीचं २०२४ पुरतं बरोबर आहे तुमचं. तेवढंच.

मिस्त्री_दर्यापूर

रेनीचं मी पण पाह्यलं होतं. त्यावर मला काही लिहिता आलं नाही म्हणून वर लिहिलं नाही.

काळी_आरएक्स_आर्वी

एक विचारायचं होतं, भांडण बाजूला ठेवा. माझ्या साळ्याकडं एक आरएक्स आठ वर्षांपासून कोठ्यात पडून आहे, परवा चालू केली. उतारावर गरम झाली की मधातच दम सोडते. प्लग काढला तर पांढराफटक. एअर फिल्टर तर सापडलाच नाही तिच्यात. चालवू का अमरावतीपर्यंत?

मिस्त्री_दर्यापूर

नको चालवू. एक किलोमीटर पण नको. फिल्टर नाही म्हणजे हवा जास्त ओढून राहिली, कार्बोरेटरच्या मागचं रबर पण तडकलं असन. टेम्पोत टाकून आण, मोठा जेट आहे माझ्याजवळ, त्या काळातला, डब्बीत ठेवलेला. पैशाचं पाहू नंतर. फक्त दुकानावर आण. घरी नको आणू, भाऊ घरी असते.