मदत हवी आहे : ट्रस्टची साठलेली एफडी हिशोबात कशी दाखवायची?

राम राम मंडळी. चोपडा तालुक्यात आमची छोटी अभ्यासिका आहे, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला ट्रस्ट. वही आजवर आप्पा सांभाळत, आता खजिनदारकी माझ्याकडे आलीय. वही चोख आहे, पण सगळा पैसा एकाच खात्यात.

आवक शेतीच्या हातात. कापूस विकला, केळीचे पैसे सुटले की देणग्या येतात, एरवी वीजबिलालाही ओढाताण. म्हणून आप्पा चांगल्या वर्षातली शिल्लक एफडीत टाकत. माझ्या मते शहाणपणाचंच. पण बारा-ए नोंदणी (प्राप्तिकरातून सूट मिळण्यासाठीची) असली की उत्पन्नातले 85 टक्के संस्थेच्या उद्देशावर खर्चावे लागतात; त्याहून जास्त राखायचं तर कारण देऊन रीतसर कळवावं लागतं, तेही 5 वर्षांपुरतं. दप्तरात तसा ठराव एकही नाही.

काही पावत्यांच्या स्थळप्रतींवर पेन्सिलीने 'खोलीसाठी' लिहिलंय. अक्षर आप्पांचं, देणाऱ्याचं नाही. कायम निधी (खर्चून न टाकता राखायची मूळ रक्कम) धरायला देणगीदाराची तशी स्पष्ट सूचना लागते, तेव्हा ही पेन्सिल काय कामाची! आता मागाहून पत्रं लिहून घ्यावीत असं एक विश्वस्त सुचवताहेत. मला ते पटत नाही.

तर, ही एफडी ताळेबंदात कोणत्या निधीखाली दाखवावी? मागच्या वर्षांचं आता काही करता येतं का? आणि जळगावला सीएंकडे जाण्याआधी कोणते कागद काढून ठेवू? अनुसूची 8 आणि 9 चे (ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचे) जुने हिशोब आहेत. लहान ट्रस्ट चालवणाऱ्या भाऊ-ताईंनी अनुभव सांगावा.