वॉश सुकल्यावर झग्यावर डागांच्या कडा राहतात, काय चुकतंय?

खवल्या_ड्रॅगन:
३२ मिमीची जादूगाराची मिनी (रंगवायची छोटी मूर्ती), कडक प्लॅस्टिकची. काळा स्प्रे प्रायमर (रंग धरावा म्हणून आधीचा थर), झग्यावर फिक्या निळ्या ॲक्रिलिकचे दोन थर, त्यावर गडद निळा वॉश (खाचांत उतरून सावली देणारा पातळ रंग). वॉशमध्ये निम्मं पाणी घातलं होतं. खाचांत तो धड उतरला नाही आणि सपाट भागावर कपाच्या बुडाचे उमटतात तसे गोल उमटले. सुकता सुकता ब्रश फिरवून पाहिला तर आणखीच बिघडलं. सगळा रंग काढून टाकू की वाचेल?

तिसरा_थर:
वाचेल, काढू नका.

साचलेला वॉश कडेला आधी सुकतो. तिथलं पाणी उडालं की मधलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि रंगकण सोबत नेतं. त्याचाच तो गोल. जास्त पाण्यामुळे दुहेरी नुकसान होतं: रंगकणांना धरून ठेवणारं बाइंडर विरळ होतं, आणि साध्या पाण्याचा पृष्ठताण जास्त असल्याने वॉश खाचेत उतरायचा सोडून थेंब धरून बसतो. पातळ करायचाच तर मॅट मिडियमने (बिनरंगाचं ॲक्रिलिक बाइंडर) करा, एकास एक.

अख्खा झगा एकदम भिजवू नका. १ नंबरचा ब्रश टिश्यूला एकदा टेकवून एकेक घडी वरून खाली घ्या. खालच्या काठाशी तळं साचतंच. तिथे ओलसर (ओला नव्हे!) स्वच्छ ब्रश टेकवून ते शोषून घ्या, तेही लगेच. मिनिटभरात वर साय धरायला लागते, आणि त्यानंतर ब्रश लावला की ती फाटते. तुमचं ‘आणखीच बिघडलं’ ते यामुळेच.

आता दुरुस्ती. अर्धा-पाऊण तास सुकू द्या. मग तोच फिका निळा, रंगाइतकंच पाणी घालून, फक्त उंचवट्यांवर फिरवा. खाचांना हात लावू नका. दोन-तीन थरांत गोल झाकले जातील.

शून्य_नंबर:
वॉशच्या आधी ग्लॉस व्हार्निशचा एक पातळ थर दिला तर निम्मा त्रास वाचतो. मॅट रंगाचा पृष्ठभाग बारीक खरखरीत असतो, त्यात रंगकण अडकतात. ग्लॉसवरून वॉश घसरून थेट खाचेत जातो. चमक शेवटी मॅट व्हार्निशने घालवायची.

तिसरा_थर:
चिलखतावर हे उत्तम. पण ग्लॉसवर पुढचे हायलाइटचे (उंचवट्यांवरच्या फिक्या रंगाचे) पातळ थरही घसरतात, म्हणून झग्यावर मी सुचवणार नाही. खरं तर मोठ्या सपाट कापडाला वॉश हे मुळात चुकीचं हत्यार आहे. साखळी-चिलखत, केस, फर यांच्यावर तो आपोआप काम करतो. झग्याच्या घड्यांत गडद निळा पातळ करून ब्रशने भरा. हात थोडा जास्त लागतो, पण डागांचा प्रश्नच येत नाही.

खवल्या_ड्रॅगन:
मॅट स्प्रेने मिनी पांढुरकी पडते म्हणतात, ते कशामुळे?

शून्य_नंबर:
हवेत दमटपणा, थर जाड, किंवा डबा नीट हलवलेला नाही. चमक घालवणारी पूड डब्याच्या तळाशी बसते, म्हणून आतली गोळी खडखडायला लागल्यावरही दोनेक मिनिटं हलवा. २०-२५ सेंमी अंतरावरून, फवारा मिनीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. पावसाळी हवेत स्प्रे नकोच, ब्रशने लावायचं व्हार्निश घ्या. पांढुरकी पडलीच तर वर ब्रशने ग्लॉसचा एक थर द्या, बहुतेक वेळा रंग परत दिसायला लागतो. तो पूर्ण सुकला की पुन्हा पातळ मॅट.

आणि हो, मिनी मऊ, वाकणाऱ्या प्लॅस्टिकची असेल तर स्प्रे प्रायमर किंवा व्हार्निश आधी बुडाच्या बाजूला थोडं मारून दिवसभर ठेवा. काही मऊ प्लॅस्टिकवर ते कायमचं चिकट राहतं.

खवल्या_ड्रॅगन:
डाव्या बाहीवर दोन थर दिले, गोल गेले. पाठीमागचा भाग आता वॉशशिवायच करतो.